‘आई’ या शब्दाचं ६४ बाइटांचं पाकीट

न्यू जर्सीतल्या एडिसनमधून मुलगी फोनवर ‘आई’ एवढंच लिहून पाठवते आणि साताऱ्यात तिच्या आईचा फोन वाजतो. मधे सरळ रेषेत मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर. दोन समुद्र, काही खंड, पंधरा-वीस राउटर आणि तऱ्हेतऱ्हेच्या तारा. एवढ्या वाटेत ‘आई’चं ‘आऊ’ होत नाही, ‘ई’ आधी आणि ‘आ’ नंतर येत नाही. आपण त्याला इतके सरावलो आहोत की त्यात नवल वाटेनासं झालंय. मला मात्र अजून वाटतं. ते का, हे सांगायला आकड्यांशिवाय दुसरी भाषा नाही.

हे पाकीट उघडून पाहू. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो. आ तीन, ई तीन, म्हणजे ‘आई’ सहा बाइटांची. त्यावर पहिलं वेष्टण चढतं टीसीपीचं, २० बाइटांचं. कुठल्या ॲपचा निरोप कुठल्या ॲपसाठी आहे, हा मजकूर कितव्या बाइटपासून सुरू होतो, समोरून आलेलं कुठपर्यंत पोचलं आणि तपासणीसाठीची एक बेरीज, हे सगळं त्यावर लिहिलेलं. त्यावर आयपीचं वेष्टण, तेही २० बाइटांचं: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आणखी किती टप्पे जगायचं तो आकडा. सगळ्यात बाहेर इथरनेटचे १४ बाइट, ज्यांना फक्त या तारेचं हे टोक आणि ते टोक एवढंच माहीत असतं. शेपटाला चार बाइटांची आणखी एक तपासणी. सहा, वीस, वीस, चौदा आणि चार: बेरीज ६४.

इथरनेटच्या नियमात ६४ बाइटांहून लहान पाकीट चालतच नाही. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटचं काम सुरू केलं, तेव्हा अनेक यंत्रं एकाच केबलवर बोलत. दोघं एकदम बोलले की टक्कर. त्या टक्करीची खबर मागे येईपर्यंत पाठवणारा बोलत राहिला नाही, तर आपलं बोलणं वाया गेलं हे त्याला कळणारच नाही. पुढे १० मेगाबिटच्या इथरनेटसाठी ही वेळ ५१.२ मायक्रोसेकंद ठरली. तेवढ्या वेळात ५१२ बिट जातात, म्हणजे ६४ बाइट. आपली दोन अक्षरी हाक या किमान मापात एकही बाइट कमी किंवा जास्त न होता बसते. (इथे मी जादा सोयी आणि कुलूपबंदी नसलेलं सगळ्यात साधं पाकीट धरलंय आणि मधले सर्व्हर बाजूला ठेवलेत.)

सहा बाइटांच्या मायेसाठी ५८ बाइटांची कागदपत्रं. हा खर्च कशासाठी, ते एका बिटावरून कळतं.

देवनागरीतला १ आणि देवनागरीतला ९ संगणकाच्या पोटात कसे दिसतात? दोघांचे पहिले दोन बाइट अगदी सारखे. तिसरा बाइट १ साठी १०१००१११ आणि ९ साठी १०१०११११. फरक एका बिटाचा. इंग्रजी आकड्यांतही 1 आणि 9 मध्ये एकाच बिटाचं अंतर आहे. वाटेत कुठे विजेचा एखादा झटका, कुठे तापलेली चिप, कुठे सैल झालेली खुंटी. एक शून्य उलटून त्याचा एक झाला की १,००० रुपयांचे ९,००० होतात.

आता ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्या आयपीकडे बघा. आयपी कसलंही वचन देत नाही. पॅकेट पोचेल असं नाही, क्रमाने पोचेल असं नाही, एकदाच पोचेल असंही नाही. राउटरकडे गर्दी झाली की तो जास्तीची पॅकेटं टाकून देतो, कुणाला कळवत नाही. यात दोष नाही, ही योजना आहे. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लुई पूझाँ यांनी सिक्लाद नावाचं जाळं उभारलं. त्यात त्यांनी भरवशाची जबाबदारी जाळ्याकडून काढून दोन टोकांच्या संगणकांवर टाकली. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी आपल्या निबंधात हाच धागा पुढे नेला आणि १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचं पूर्वज जाळं अर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं. मधलं जाळं साधं ठेवा, शहाणपण टोकांना द्या, ही ती कल्पना.

वचन न देणाऱ्या जाळ्यावर किती भागतं, त्याचा हिशोब करून पाहू. एका पॅकेटात वेष्टणं वगळून १,४६० बाइट मजकूर मावतो. दोन गिगाबाइटचा, म्हणजे २०० कोटी बाइटांचा सिनेमा घ्या. त्याची १३,६९,८६४ पॅकेटं होतात. समजा रस्ता चांगला आहे, हजारात एकच पॅकेट हरवतं. मग संपूर्ण सिनेमा पहिल्या खेपेत, एकही पॅकेट न गमावता पोचण्याची शक्यता किती?

०.९९९ ला स्वतःशीच १३,६९,८६४ वेळा गुणायचं. उत्तर येतं: एक भागिले, १ वर ५९५ शून्यं. ती शून्यं लिहायला पुस्तकाच्या दहाएक ओळी लागतील. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या १ वर ८० शून्यं अशी मानतात. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला असा एकेक सिनेमा पाठवला असता, तरी प्रयत्नांची संख्या ३५ वर २६ शून्यं इथेच थांबली असती. एकही सिनेमा धड पोचला नसता.

आणि आपल्याकडे तर रोज पोचतो.

कारण एकच: पोच. आपल्या कचेऱ्यांत अर्ज दिला की त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेतात, ती पोच. टीसीपीतही घेणारा पाठवणाऱ्याला सतत कळवत असतो, ‘अमुक बाइटपर्यंत मिळालं.’ पोच आली नाही तर पाठवणारा ते पॅकेट पुन्हा पाठवतो. हजारात एक हरवतं तर १३,६९,८६४ पॅकेटांमागे जास्तीची किती पाठवावी लागतात? सुमारे १,३७०. उलट्या दिशेने येणाऱ्या पोचांचाही खर्च धरायला हवा. साधारण दर दोन पॅकेटांना एक ६४ बाइटांची पोच धरली तर चार कोटी ३८ लाख बाइट, म्हणजे सिनेमाच्या दोन टक्क्यांहून थोडं जास्त. ५९५ शून्यांच्या अशक्यातून खात्रीपर्यंत यायला एवढाच खर्च येतो. मला नेटवर्कमधला सगळ्यात थक्क करणारा आकडा हाच वाटतो. तारा सुधारून हे साधलं नसतं. मोजण्याने, विचारण्याने आणि पुन्हा पाठवण्याने ते साधलं.

पोच घेण्याची ही सवय जाळ्याच्या जन्मापासूनची आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरण्यासाठी ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द टाइप करायला घेतला. दोन्हीकडची माणसं टेलिफोनवर होती. पहिलं अक्षर पोचलं का, पोचलं. दुसरं पोचलं का, पोचलं. तिसऱ्याला पलीकडचा संगणक कोसळला. जाळ्यावरचा पहिला निरोप दोन अक्षरांचा राहिला आणि त्याची पोच माणसाच्या तोंडून मिळाली. टीसीपी आज तेच विचारतो, फक्त न थकता.

मग खालचे थर काय करतात? ते आपापल्या तुकड्यापुरती राखण करतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. घरातल्या वायफायवर राउटरने फोनला उद्देशून पाठवलेली फ्रेम, म्हणजे बाहेरच्या वेष्टणासकट अख्खं पाकीट, पोचली, की फोन सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १६ भाग थांबून लगेच पोच देतो (५ गिगाहर्ट्झवर). फोर-जीचा मनोरा तर मुद्दाम धोका पत्करतो. पहिल्या खेपेत दहातला एक तुकडा बिघडेल इतक्या वेगाने तो पाठवतो, कारण शंभर टक्के सांभाळून पाठवण्यापेक्षा थोडं बिघडू देऊन आठ मिलिसेकंदांत पुन्हा पाठवणं स्वस्त पडतं. बिघडलेला तुकडाही फोन फेकून देत नाही. दुसरी प्रत आली की दोन्ही एकमेकांवर ठेवून दोघींतून खरं काय ते वाचतो.

समुद्राखालच्या केबलमध्ये पुन्हा पाठवायला सवडच नसते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबली जमिनीवर येतात. साठ ते शंभर किलोमीटरवर एकेक रिपीटर मंद झालेल्या प्रकाशाला बळ देतो, आणि प्रकाशाबरोबर गोंगाटालाही. म्हणून तिथे आधीच जास्तीचे बिट गणिताने गुंफून पाठवतात. आजच्या लांब पल्ल्याच्या यंत्रणेत १०० बिटांमागे जवळपास दोन चुकले, तरी पलीकडचं यंत्र ते स्वतःच दुरुस्त करतं. दुरुस्तीनंतर चुकीचं प्रमाण १ वर १५ शून्यं एवढ्या बिटांत एकाहूनही कमी.

छोट्या अंतराच्या तारा याहून शांत असतात. दहा गिगाबिटच्या इथरनेटचं ठरलेलं माप असं: एक लाख कोटी बिटांत फार तर एक चूक. ऐकायला किती निर्धास्त. पण त्या तारेवरून सेकंदाला एक हजार कोटी बिट धावतात. म्हणजे दर १०० सेकंदांना एक चूक, दिवसाला ८६४, आणि तीही नियमात बसणारी.

या चुका पकडायला फ्रेमच्या शेपटाला ते चार बाइट असतात. पाकिटाचा पार चिवडा झाला तरी ही तपासणी फसण्याची शक्यता ४,२९,४९,६७,२९६ मध्ये एक. मग एवढा कडक पहारेकरी दर तारेवर असताना, टीसीपीने आपली वेगळी बेरीज कशाला वाहायची?

याचं उत्तर २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी खऱ्या जाळ्यांवरची पॅकेटं तपासून दिलं. त्यांना आढळलं की तारेवरची तपासणी पार करून आलेल्या पॅकेटांतही १,१०० ते ३२,००० मध्ये एक पॅकेट टीसीपीच्या बेरजेत नापास होतं. बिघाड तारेवर होतच नव्हता. राउटरच्या पोटात, यंत्राच्या स्मृतीत, सॉफ्टवेअरच्या चुकीत तो होत होता. पहारेकरी रस्त्यावर उभे होते आणि चोरी धर्मशाळेत झाली. प्रत्येक राउटर बाहेरचं वेष्टण सोलतो आणि पुढच्या तारेसाठी नवं चढवतो. मधल्या क्षणी मजकूर बिघडला, तर नवं वेष्टण त्या बिघडलेल्या मजकुरावरच कसोशीने शिक्का मारतं. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे तत्त्व मांडलं होतं: अखेरची खात्री टोकांनीच करायची असते. मधल्यांनी केलेली मदत मोलाची, पण ती खात्रीच्या जागी चालत नाही.

टीसीपीची बेरीजही भोळी आहे. ती १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ उत्तरांपैकी एक. शिवाय ती शेवटी बेरीजच. दोन-दोन बाइटांच्या दोन जोड्यांनी जागा बदलल्या तरी तिला पत्ता लागत नाही. स्टोन आणि पार्ट्रिज यांच्याच अभ्यासाचा अंदाज होता की एक कोटी ६० लाख ते एक हजार कोटी पॅकेटांत एक चूक तिलाही चुकवून निघून जाते. म्हणून तिच्याही वर आणखी एक थर आहे. आज आपली बहुतेक बोलणी कुलूपबंद जातात आणि त्या कुलपावर सहसा १६ बाइटांची मोहोर असते. ती योगायोगाने जुळायला ३४ वर ३७ शून्यं एवढ्यांत एक संधी.

आता अंतराकडे येऊ. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन येऊन किमान १२५ मिलिसेकंद, आणि केबली वळणावळणाने जातात म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या घरात. एक पॅकेट पाठवून पोचेची वाट पाहत बसलो तर सेकंदाला पाचच पॅकेटं. म्हणून पाठवणारा पोच न येताही बरीच पॅकेटं वाटेला लावतो. एक गिगाबिटचा रस्ता भरलेला ठेवायचा तर कुठल्याही क्षणी अडीच कोटी बाइट, सुमारे १७ हजार पॅकेटं, वाटेतच असतात. निघालेली, न पोचलेली, आणि प्रत्येकाची नोंद पाठवणाऱ्याच्या वहीत उघडी. मूळ टीसीपीत वाटेवर एका वेळी ६५,५३५ बाइटच ठेवता येत. एवढ्यावर या अंतरात वेग २६ लाख बिटांवर थांबला असता, रस्ता शंभर कोटींचा असूनही. पुढे १९९२ मध्ये या मापाला गुणक जोडायची सोय झाली.

प्रत्येक बाइटला जो क्रमांक दिला जातो त्याचीही अशीच कथा. तो ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटींच्या वर जाऊन पुन्हा शून्यावर येतो. अर्पानेटच्या ५६ हजार बिटांच्या तारेवर सगळे क्रमांक वापरून व्हायला सात दिवस लागले असते. आठवड्यापूर्वीचं एखादं पॅकेट भटकत येऊन आजच्याशी घोटाळा करील, ही भीतीच नव्हती. दहा गिगाबिटच्या तारेवर तेच क्रमांक साडेतीन सेकंदांत संपतात. म्हणून आता क्रमांकाच्या जोडीला वेळेचा शिक्का लागतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या प्रोटोकॉलने पॅकेटांना ६२ बिटांपर्यंतचे क्रमांक दिले.

पुन्हा पाठवण्याच्या या निष्ठेने एकदा जाळ्याचाच गळा धरला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर सुमारे ४०० यार्ड. रमतगमत चालत जायला पाच मिनिटं. पाच मिनिटांत ४० च्या वेगाने १२,००० बिट जातात, म्हणजे जेमतेम एक भरलेलं पॅकेट. हातात कागद घेऊन चालत गेलेला माणूस जाळ्याला हरवू शकला असता. तारा तुटल्या नव्हत्या. गर्दीमुळे पॅकेटं हरवत होती, हरवली म्हणून सगळे पुन्हा पाठवत होते, आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती.

व्हॅन जेकबसन यांनी यावर १९८८ च्या निबंधात उपाय मांडला, तो मला तंत्रापेक्षा संस्काराच्या जवळचा वाटतो. सुरुवात सावकाश करा. पोच येत गेली तर वाढवा. पॅकेट हरवलं तर रस्त्यावर गर्दी आहे असं समजा आणि आपला वेग निम्म्यावर आणा. उत्तर येतच नसेल तर थांबण्याचा काळ दर खेपेला दुप्पट करा. लिनक्स आजही असं १५ वेळा करतो आणि सुमारे १५ मिनिटांनी आशा सोडतो. हे नियम पाळले जातात का, हे बघायला रस्त्यावर पोलीस नाही. जगभरची यंत्रं आपापल्या टोकाला स्वतःहून संयम पाळतात, आणि जाळं त्या संयमावर चालतं.

साताऱ्यातल्या भाजीवालीकडे हा सगळा डोलारा एका ‘टिंग’मध्ये ऐकू येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर २,००१ कोटी व्यवहार झाले, रात्र-दिवस मिळून सरासरी सेकंदाला सुमारे ७,४७०. परवा माझे पैसे कापले गेले आणि तिचा भोंगा बोललाच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, मी फोनकडे. पैसे हरवले होते की त्यांची पोच, हे दोघींनाही कळत नव्हतं. हे कोडं जुनं आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींची गोष्ट म्हटलं. निरोपाची पोच हवी, पोचेचीही पोच हवी, तिचीही हवी. हरवणाऱ्या रस्त्यावर पूर्ण खात्री कितीही निरोपांनी होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. त्यावर व्यवहारातला तोडगा म्हणजे क्रमांक. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. त्या क्रमांकाने पुन्हा विचारता येतं आणि दोनदा आलेली गोष्ट एकदाच धरता येते. आम्ही दोघी तो क्रमांक पडद्यावर शोधत होतो, तेवढ्यात भोंगा बोलला. ती हसली आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली.

आता पुन्हा एडिसनहून निघालेल्या हाकेकडे. आईच्या फोनने ‘आई’ वाचलं, बेरीज जुळवून पाहिली, आणि उलट पोच निघाली. पोचेत स्वतःचा मजकूर काहीच नसतो. २० बाइट टीसीपीचे, २० आयपीचे, १४ आणि चार इथरनेटचे, मिळून ५८. पण ६४ हून लहान पाकीट तारेवर चालत नाही. मग उरलेली जागा भरतीच्या बाइटांनी भरतात, बहुधा शून्यांनी. ते लागतात सहा. येताना ज्या सहा घरांत ‘आई’ बसून आली, परतीच्या पाकिटात ती सहा घरं रिकामी असतात. ही पोच बघून पाठवणारा आपल्या वहीतली एक ओळ खोडतो: पोचली.